‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ: आरोग्य संवादाचे शिक्षण आणि रोजगार

नीटचा निकाल लागला की आमच्या सोनगीरमध्ये दोन-चार घरांत त्या रात्री कुणी नीट जेवत नाही. गेल्या वर्षी त्यांतले एक घर माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे होते. दहावीपर्यंत मी तिला उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवले. निकालानंतर चार दिवसांनी ती आली, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, “मॅडम, मेरा नहीं हुआ.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “अब्बू बोलते, डीएड कर ले.”

डीएड वाईट नाही. मी स्वतः बीएड करून वीस वर्षे खडूच्या जोरावर भाकरी खाते आहे. पण या मुलीला शिक्षिका व्हायचे नव्हते. तिला दवाखान्यात काम करायचे होते. दवाखान्यात काम करणाऱ्यांची यादी तिच्या, तिच्या वडिलांच्या आणि खरे सांगायचे तर माझ्याही डोक्यात डॉक्टर, नर्स, लॅबवाला, मेडिकलवाला इथेच संपत होती. 2024 साली 23 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्याही आत. आपल्या मुली मग बीयूएमएसकडे वळतात, मालेगावच्या तिब्बिया कॉलेजची चौकशी करतात. तिथेही नीटचेच मार्क लागतात. मग आरोग्याच्या क्षेत्राला सलाम ठोकून डीएड, नाहीतर निकाह.

त्या दिवशी मला तिला उत्तर देता आले नाही. रात्री अम्मीच्या पायाला तेल लावताना उत्तराची सुरुवात सापडली, म्हणून आधी अम्मीची गोष्ट सांगते.

अम्मीला बऱ्याच वर्षांपासून डायबिटीस आहे. सोनगीरहून धुळे वीसेक किलोमीटर. दर तीन महिन्यांनी हायवेवरून बस पकडून आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात दाखवायला जायचो. एकदा मला परीक्षेची ड्यूटी लागली, म्हणून अम्मी धाकट्या भावाबरोबर गेली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, खूश झाले आणि म्हणाले, “शुगर एकदम नॉर्मल आहे.” रिपोर्ट खरोखरच चांगला होता आणि बाहेर तीस-चाळीस पेशंट ताटकळत होते. अम्मी आनंदात घरी आली, शेजारणींना सांगितले, “मेरी शुगर चली गई,” आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. तिच्या हिशेबाने तिचे बरोबरच होते. ताप उतरला की तापाची गोळी आपण बंद करतोच. ‘नॉर्मल’ म्हणजे बरे झाले. गोळ्या चालू आहेत म्हणून शुगर नॉर्मल आहे, हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलेच नाही. मला हे कळायला पाच महिने लागले. तोवर एका लग्नात नवी चप्पल चावली, फोड आला, चिघळला, आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. आता ती खुर्चीवर बसून नमाज पढते.

दोन भाषा शिकवणारी बाई मी, आणि माझ्याच घरात एका शब्दाचा अर्थ सांगायचा राहून गेला.

या राहून गेलेल्या कामाचा विद्यापीठात अभ्यास होतो, त्याची पदवी मिळते, त्यावर नोकऱ्या निघतात, हे मला त्या मुलीमुळे शोधावे लागले. त्याला आरोग्य संवाद म्हणतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांत 1970 च्या दशकात हा वेगळा विषय म्हणून उभा राहिला. 1989 पासून त्याला वाहिलेले संशोधनाचे नियतकालिकही निघते. आपल्याकडे सरकारी कागदांत त्याला ‘माहिती, शिक्षण व संवाद’ म्हणतात आणि दवाखान्यात सगळे त्याला आयईसी एवढ्यानेच ओळखतात. अलीकडे ‘वर्तन बदल संवाद’ असाही शब्द ऐकू येतो. नावे जड आहेत. काम एवढेच, की आरोग्याबद्दल जे सांगायचे ते समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या शंका ऐकून, असे सांगायचे की ते त्याला पटेल आणि घरी गेल्यावर करता येईल. वाचायला सोपे वाटते. करून पाहिले की कळते.

आपल्याकडे भिंतीवर पोस्टर चिकटवले की संवाद झाला असे धरतात. बांगलादेशातली एक हकिकत वाचली तेव्हापासून मला तसे वाटेनासे झाले. 1980 ते 1990 या दहा वर्षांत तिथल्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. जुलाब लागलेल्या मुलाला चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ घातलेले पाणी कसे करून पाजायचे, हे त्यांनी एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत आयांना शिकवले. आयांकडून ते पाणी समोर करून घेतले. काही दिवसांनी दुसराच माणूस त्या घरी जाई आणि आईला विचारी, काय शिकलात, करून दाखवा. आईला जेवढे आठवे, त्यावर त्या कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. किती घरांत गेली याला किंमत नव्हती, किती डोक्यांत उतरले याला होती. शिक्षिका म्हणून हे वाचताना मला घाम फुटला. सहामाही परीक्षेनंतर महिन्याभराने मुलांना काय आठवते, त्यावर माझा पगार निघायचा झाला तर!

संवाद नसला की काय होते, याच्या आठवणी आपल्या समाजाकडे पुष्कळ आहेत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. इंग्रज सरकारने 1897 मध्ये साथरोगाचा कायदा केला. घरे तपासायची, आजाऱ्याला उचलून इस्पितळात न्यायचे, सामान जाळायचे असा खाक्या सुरू झाला. मार्च 1898 मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या बाजूला जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आले आणि तिथून दंगल उसळली, माणसे मेली. मालेगाव, भिवंडी, धुळे इथल्या मोमीन विणकर घराण्यांचे हे जातभाईच. ते अडाणी होते म्हणून चिडले, असे लिहून मोकळे होता येते. पण त्या मुलीला कुठे नेतात, तिथे बाया आहेत का, तिच्याजवळ आई बसू शकेल का, परत कधी आणतील, यांतले कोणी काही सांगितले होते का?

त्याच्या आदल्याच वर्षी, 1897 मध्ये, त्याच मुंबईत दुसरा प्रकार घडला होता. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती आणि लोक तिला भीत होते. तेव्हा सुमारे वीस वर्षांचे असलेले आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर ती स्वतः टोचून घेतली. खोजा मंडळी हजारोंच्या संख्येने टोचून घ्यायला पुढे आली. शहर एकच आणि रोगही एकच. एकीकडे सांगणारा अनोळखी आणि हातात दंडुका घेतलेला, दुसरीकडे सांगणारा आपला आणि स्वतःची बाही वर केलेला.

यानंतरचे मोठे उदाहरण पोलिओचे. 2002 साली देशात पोलिओचे 1,600 रुग्ण सापडले, त्यांतले 1,242 एकट्या उत्तर प्रदेशात, आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण फार मोठे होते. पोलिओच्या थेंबांनी मुले नापुंसक होतात अशी अफवा होती. ही अफवा आकाशातून पडली नव्हती. 1976 ची सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते. सरकारी माणूस नेहमी दारात येत नाही आणि आला तर फुकट औषध पाजायलाच येतो, यावर संशय येणे साहजिक होते. मग युनिसेफ आणि इतर संस्थांनी हजारो स्थानिक माणसे नेमली, बहुतेक त्याच मोहल्ल्यातल्या बायका. अलीगढ विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द या आपल्या विद्यापीठांची माणसे कामाला लागली. मशिदींतून एलान झाले, इमामांनी स्वतःच्या मुलांना आधी थेंब पाजले. 2009 मध्ये देशात 741 रुग्ण होते, 2010 मध्ये 42, आणि 13 जानेवारी 2011 रोजी बंगालमध्ये हावड्यात शेवटचा. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. थेंब 2002 मध्येही होतेच. सांगणारे लोक आणि सांगण्याची रीत बदलली होती.

आता माझ्याच शाळेचे सांगते, त्यात माझी काही शोभा नाही. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी. शाळांतून सुरुवात होती. मी पालकांच्या चिठ्ठ्या वाटल्या, “सही करून आणा” म्हटले आणि माझे काम संपले असे समजले. आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला, तोच जुना विषय: सुई टोचली की मुलींना पुढे मुले होत नाहीत. लसीकरणाच्या दिवशी वर्गात निम्मी बाके रिकामी. मला इतका राग आला की गेटवर आलेल्या आयांना मी नको ते बोलले. ‘जाहिल’ हा शब्दही वापरला. आजही आठवला की वाईट वाटते.

पथकात एक तरुण मुलगी होती. ती माझ्यासारखी बोलली नाही. शाळेच्या पायऱ्यांवर आयांमध्ये जाऊन बसली आणि पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही काय ऐकलंत?” मग अर्धा तास नुसती ऐकत राहिली. तेव्हा कळले की मुले न होण्याची भीती दोघी-तिघींनाच होती. बाकीच्यांचे दुखणे वेगळे होते. कुठल्याशा गावात एक मुलगा सुई घेतल्यावर चक्कर येऊन पडला असे ऐकले होते, आणि ज्यांचे घरवाले ट्रकवर महिना-महिना बाहेर असतात त्या म्हणत होत्या, रात्री पोराला ताप भरला तर मी एकटी कुठे जाऊ? त्या मुलीने सांगितले की थोडा ताप येऊ शकतो, का येतो, काय करायचे. स्वतःचा नंबर फळ्यावर लिहिला आणि संध्याकाळी मोहल्ल्यात खरोखर चक्कर मारली. मौलानांना भेटली. त्यांनी आपल्या मुलीला पुढच्या खेपेला सगळ्यांत आधी उभे केले. सगळी बाके भरली असे म्हणणार नाही. दोन घरांनी शेवटपर्यंत ऐकले नाही. पण बाकीची भरली.

मी तिला विचारले, हे कुठे शिकलीस? ती हसली. म्हणाली, “मॅडम, एमएसडब्ल्यूला दोन वर्षे हेच तर करून घेतात.” तेव्हा ते माझ्या लक्षात राहिले नाही. गेल्या वर्षी अम्मीच्या पायाशी बसल्यावर आठवले.

तर या अभ्यासात शिकवतात काय? आधी ऐकायला शिकवतात. ज्यांना सांगायचे ते काय मानतात, कुणाचे ऐकतात, घरात निर्णय कोण घेतो, याचा पाहणी करून अभ्यास. मग माणूस सवय का बदलतो आणि का बदलत नाही, याचे सिद्धांत. रोग कसा पसरतो, साथीचे आकडे कसे वाचायचे, म्हणजे थोडी संख्याशास्त्राची डोकेदुखी. गणिताला घाबरून इकडे येणाऱ्यांनी हे आधीच जाणून असावे. मजकूर लिहिणे, चित्र, रेडिओ, व्हिडिओ. आणि छापण्याआधी तपासणे, जे आपल्याकडे सहसा कुणी करत नाही. मी एकदा तिसरीच्या उर्दू वर्गात चित्रांची पट्टी लावली: मुलगा हात न धुता खातो, मग आजारी पडतो, मग औषध घेऊन बरा होतो. मुलांनी ती उजवीकडून वाचली. त्यांच्या गोष्टीत बरा असलेला मुलगा औषध घेतो, आजारी पडतो आणि मग खुशाल हात न धुता खातो! मराठीसाठी काढलेले चित्र उर्दूला तसेच चिकटवले की असे होते. छापण्याआधी दहा मुलांना दाखवले असते तर खर्च वाचला असता.

आणखी एक पद्धत शिकवतात, ‘परत सांगा’ नावाची. पेशंटला “समजले का?” असे विचारायचे नाही, कारण सगळेच मान हलवतात. विचारायचे, “घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?” मग तो आपल्या शब्दांत सांगतो आणि कुठे चुकले ते तिथेच कळते. अर्ध्या मिनिटाचे काम. अम्मीला त्या दिवशी हा प्रश्न कुणी विचारला असता तर ती म्हणाली असती, “बताऊंगी, गोली बंद.”

हे शिकायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. आपल्या खान्देशात ‘आरोग्य संवाद’ या नावाची पदवी शोधायला जाल तर निराश व्हाल. बारावीनंतर थेट या नावाचे दार नाही. आधी पदवी, मग शेजारच्या दारांतून आत. जवळचे दार समाजकार्याचे. जळगावला समाजकार्य महाविद्यालय आहे, बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू दोन्ही होते. एमएसडब्ल्यूला वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्याची बाजू घेतली की रुग्णालयाची दारे उघडतात. दुसरे दार पत्रकारिता आणि जनसंवादाचे; कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात त्याचा विभाग आहे. तिसरे सार्वजनिक आरोग्याचे, म्हणजे एमपीएच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे 1936 पासून चालत आलेल्या ‘टिस’मध्ये, डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही एमपीएच करता येते. पुणे विद्यापीठातही एमपीएच आहे. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था 1956 ची, तिथे आकड्यांची बाजू पक्की होते. गृहविज्ञान घेतलेल्या मुलींसाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ‘विस्तार व संवाद’ असा जुना, नावाजलेला विभाग आहे. धुळ्याहून सुरतमार्गे बडोदा पुण्याइतके परके वाटायचे कारण नाही.

उर्दूवाल्यांनी दोन नावे लिहून ठेवावीत. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, 1998 मध्ये स्थापन झालेले. तिथे पत्रकारितेचे एमए उर्दूतून होते आणि युनिसेफच्या साथीने उर्दू पत्रकारांसाठी आरोग्य वार्तांकनाच्या कार्यशाळाही झाल्या आहेत. आणि दिल्लीचे जामिया मिल्लिया, जिथल्या जनसंवाद केंद्रात विकास संवादाचे एमए आहे. नोकरीत असलेल्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्थेचे दूरशिक्षणाचे पदविका अभ्यासक्रम आहेत, त्यांत आरोग्य संवर्धन आणि आरोग्य संवादही येतात. तामिळनाडूतले गांधीग्राम आणि 1932 साली कोलकात्यात सुरू झालेली सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था, या दोन्ही ठिकाणी आरोग्य शिक्षणाची पदविका फार जुनी आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे हलतात. कुणाच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

विज्ञान शाखेच्या मुलीला आणखी एक रस्ता आहे, बीएस्सी नर्सिंगचा. त्यातून पुढे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते आणि वर एमपीएचही करता येते. दवाखान्याचा अनुभव हाताशी असलेल्याचे बोलणे लोक जास्त ऐकतात, हेही खरे.

पैशाचे सांगायचे तर केंद्राची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. तिच्यावर विसंबून कुणी पीएचडीचे बेत करू नयेत. आपल्यातल्या पुष्कळ बिरादऱ्या, मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, ओबीसीत येतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारावे, आणि जातीचा दाखला व नॉन-क्रिमिलेअर बारावीतच काढून ठेवावे. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात सेतू केंद्रावर रडणाऱ्या आया मी दरवर्षी पाहते. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

नोकऱ्यांबद्दल गोड-गोड लिहिणार नाही. सरकारी रुग्णालयांत समुपदेशक असतात: एचआयव्ही तपासणी केंद्रात, क्षयरोगाच्या कामात, किशोरवयीन मुलामुलींच्या मैत्री क्लिनिकमध्ये. ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पक्के पद आहे, एमएसडब्ल्यू लागते, जागा मोजक्या निघतात. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात विस्तार व माध्यम अधिकारी असतो, पुण्यात राज्याचा आरोग्य शिक्षणाचा विभाग आहे. धर्मादाय रुग्णालयांत गरीब पेशंटचे कागद करून देणारे समाजसेवक लागतात. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसची 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन सुरू झाली, तिथे फोनवर ऐकून घेणारी माणसे लागतात. पण आरोग्य अभियानातल्या बहुतेक नेमणुका अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात, पगार बेताचा असतो, आणि कायम करा या मागणीसाठी या कर्मचाऱ्यांना वेळोवेळी संपावर बसावे लागले आहे. हे माहीत असूनच पाऊल टाकावे.

संस्थांमध्ये चित्र वेगळे आहे. मुंबईतली ‘स्नेहा’ 1999 पासून धारावीसारख्या वस्त्यांत आया आणि मुलांचे काम करते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ सुरू केली, गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, आणि बालमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये जगाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अशा ठिकाणी मराठी-उर्दू-हिंदी बोलणारी, आकडे समजणारी मुलगी सोन्यासारखी. औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्यांची संमतीपत्रे त्यांना समजेल अशा भाषेतच द्यावी लागतात, त्यांचे भाषांतर आणि तपासणी हे शहरांत बऱ्यापैकी मिळकतीचे काम झाले आहे. आणि खासगी रुग्णालये, विमा कंपन्या, आरोग्याचे यूट्यूब आहेतच, तिथे पैसा जास्त, पण कुणाची बाजू घेऊन बोलतो आहोत याचे भान ठेवावे लागते.

इथे आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे, जी आपण गरिबी समजतो. सोनगीरची मुलगी घरी उर्दू बोलते, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि भांड्यांच्या बाजारात तांबट आळीत गेली की अहिराणी. पलीकडे शिरपूरच्या पाड्यांवर पावरी. पुण्याच्या चांगल्या कॉलेजातली मुलगी दोन वर्षे शिकून जे मिळवू शकत नाही ते हिच्याकडे जन्मापासून आहे. 2021 च्या नोव्हेंबरात कोरोनाच्या लसीसाठी मुस्लिम वस्त्यांतून प्रतिसाद कमी म्हणून तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सलमान खानची मदत घेऊ म्हटले होते. सलमानभाईंबद्दल आदर आहे. पण रात्री पोराला ताप भरला तर त्यांना फोन लागत नाही.

हे सगळे मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून सांगितले. वडील पितळी भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहितात, आकड्यांचे पक्के. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पगार किती, पक्की कधी होईल, आणि रिश्तेदारांनी विचारले “लडकी क्या बन रही है” तर काय सांगायचे? पहिल्या दोनांची उत्तरे मी जशी आहेत तशी दिली. तिसऱ्याला मला शब्द सापडेना. ‘समुपदेशक’ त्यांना उच्चारता येईना आणि ‘आयईसी’ म्हटले तर ते म्हणाले, ही कुठली परीक्षा?

तिने धुळ्याला पदवीला प्रवेश घेतला आहे, रोज बसने जाते, पुढे एमएसडब्ल्यू की एमपीएच ते अजून ठरवले नाही. रमजानच्या आधी तिने आपणहून एक काम केले. मोहल्ल्यात शुगर असून रोजे धरणाऱ्या बायांची यादी केली. अशांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, 2016 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये. रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात, बोटाला सुई टोचून शुगर तपासली तर रोजा तुटत नाही, आणि शुगर फार खाली गेली तर रोजा सोडावा, असे त्यांत आहे. तिने हे साध्या उर्दूत लिहिले, आधी चार बायांना वाचून दाखवले, त्यांना न कळलेले शब्द काढले आणि मग मौलानांकडे नेले. त्यांनी ते नीट वाचले, एक वाक्य स्वतः दुरुस्त केले आणि जुम्याला एलान केला.

रविवारी ती आमच्याकडे येते, अम्मीच्या गोळ्यांचा डबा भरते. मागच्या महिन्यात अम्मीचा रिपोर्ट पुन्हा चांगला आला.

“दादी, डॉक्टर क्या बोले?”

“नॉर्मल बोले.”

“फिर?”

अम्मीने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “फिर क्या, गोली चालू.”

तिचे वडील दारात उभे होते, मुलीला न्यायला आलेले. त्यांनी ऐकले. गाडीला किक मारताना मला म्हणाले, “मॅडम, इस काम को उर्दू में क्या बोलते, वो लिखके दो ना.”